मुलगी जर्मनीत आहे हे लपवायचं? व्हिसाच्या त्या फॉरवर्डला उत्तर

"युरोप व्हिसा: एजंट सांगत नाहीत अशी ८ गुपितं. ज्येष्ठ नागरिकांपर्यंत नक्की पोचवा." असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. मला तो मावशीकडून आला, तिला भिशीच्या ग्रुपवर आला होता. मावशीची मुलगी श्टुटगार्टला असते, तिला पाचवा महिना लागलाय, आणि मावशी-काका बाळंतपणासाठी जायच्या तयारीत आहेत. फाइल जवळजवळ पूर्ण झाली होती. मेसेज वाचल्यावर काकांनी भरलेला फॉर्म बाजूला ठेवला आणि "आपण टुरिस्ट म्हणूनच जाऊ या" असं सुरू केलं. मावशीने विचारलं, "हे खरं आहे का रे?"

नाही, खरं नाही. जिथे अर्धवट खरं आहे तिथे तर जास्तच धोक्याचं आहे. मी ज्याच्या आधारे बोलतोय ते मुख्यतः दोन कागद आहेत: युरोपियन युनियनचा व्हिसा कोड, म्हणजे २००९ चा ८१० क्रमांकाचा नियम, आणि शेंगेन व्हिसाचा, म्हणजे जर्मनी धरून युरोपातल्या २९ देशांच्या सामायिक व्हिसाचा, छापील अर्ज. दोन्ही कुणालाही फुकट वाचता येतात. मेसेज लिहिणाऱ्याने निदान अर्ज तरी शेवटपर्यंत वाचायला हवा होता.

सगळ्यात वाईट मुद्दा आधी घेतो. मेसेज म्हणतो: "मुलगा किंवा मुलगी तिथे आहे हे फॉर्मवर लिहू नका, तुम्ही परत येणार नाही असा संशय घेतात. बाळंतपणाचा उल्लेख तर अजिबात नको. पर्यटन लिहा आणि हॉटेलचं डमी बुकिंग जोडा."

अर्जात प्रवासाच्या हेतूचा रकाना आहे. त्यात पर्यटन, व्यवसाय, वैद्यकीय उपचार अशा चौकटी छापलेल्या आहेत आणि त्यांच्यातच एक चौकट आहे कुटुंबीयांना किंवा मित्रांना भेटण्याची. म्हणजे लेकीकडे जाणं हे व्हिसा मागण्याचं एक अधिकृत, छापील कारण आहे. पुढे बोलावणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि पत्ता लिहायलाही जागा आहे. जी गोष्ट ते स्वतःहून विचारतात आणि मान्य करतात, ती लपवून खोटं हॉटेल दाखवायचं, हा सल्ला कुणाच्या डोक्यातून निघतो?

आता अर्जाच्या शेवटच्या पानावर या. बारीक अक्षरातला जो मजकूर कुणी वाचत नाही आणि ज्याच्या खाली सही करतो, तो काय आहे? मी दिलेली माहिती खरी आणि पूर्ण आहे, खोटी निघाली तर अर्ज नाकारला जाईल, मिळालेला व्हिसा रद्द होईल आणि त्या देशाच्या कायद्याने खटलाही होऊ शकतो हे मला माहीत आहे, असं ते निवेदन आहे. त्याखाली सही एजंटची नसते, मेसेज लिहिणाऱ्याची नसते. ती काकांची असते. जर्मनीच्या निवास कायद्याचं कलम ९५ म्हणतं की व्हिसा मिळवण्यासाठी खोटी किंवा अपुरी माहिती देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. प्रत्येक म्हाताऱ्या जोडप्याला तुरुंगात टाकतात असं मी म्हणत नाही. पण आयुष्यभर एका पैशाचा घोळ न केलेल्या, निवृत्त झालेल्या माणसाला हे करायला लावायचं, तेही काहीही गरज नसताना, याची मला चीड येते.

गरज नसताना असं का म्हणतो? कारण ज्याची भीती घातली जाते तो प्रश्न खरा आहे, पण त्याचं उत्तर वेगळं आहे. "हे परत जातील का?" हे कॉन्सुलेट तपासतंच, व्हिसा कोडच्या कलम १४ मध्ये तसं आहे. मग परत येण्याची कारणं दाखवायची. काकांची पेन्शन दर महिन्याला इथल्या बँकेत जमा होते. घर त्यांच्या नावावर आहे, घरपट्टीची पावती आहे. मुदत ठेवी आहेत, इन्कम टॅक्सचं रिटर्न आहे, मुलगा आणि सून पुण्यातच आहेत. साध्या मध्यमवर्गीय निवृत्त माणसाकडे असलेले हे कागदच सगळ्यात भक्कम. हॉटेलच्या खोट्या पावतीने त्यात काडीची भर पडत नाही, उलट एका खोट्या कागदामुळे सगळ्या खऱ्या कागदांवर शंका येते. कलम ३२ प्रमाणे कागदपत्रांच्या खरेपणाबद्दल वाजवी शंका हे नकाराचं स्वतंत्र कारण आहे. आणि नकाराची नोंद व्हिसा माहिती यंत्रणेत पाच वर्षं राहते. ती फक्त जर्मनीला दिसते असं नाही, शेंगेनमधल्या सगळ्या २९ देशांच्या कॉन्सुलेटना दिसते.

समजा, व्हिसा मिळाला. फ्रँकफर्टला उतरल्यावर सीमा पोलीस विचारतात, कुठे राहणार, कशासाठी आलात. मावशीच्या बॅगेत डिंकाचे लाडू, बाळाची झबली-टोपडी, शेक-शेगडीचं सामान. तोंडाने सांगायचं, "हॉटेलात उतरणार, शहर बघायला आलो." हे मावशीला जमणार आहे का? व्हिसा म्हणजे प्रवेशाचा हक्क नव्हे, हे व्हिसा कोडच्या कलम ३० मध्ये सरळ लिहिलंय. सीमेवर पुन्हा विचारण्याचा आणि परत पाठवण्याचा अधिकार त्यांना आहे.

दुसरं गुपित पहिल्याचंच भावंड: "५०० रुपयांत डमी तिकीट मिळतं, आणि खात्यात बॅलन्स कमी असेल तर नातेवाइकांकडून चार-पाच लाख घेऊन टाका, व्हिसा झाला की परत करा." यातली एक गोष्ट मला नाइलाजाने मान्य करावी लागते. व्हिसा हातात येण्याआधी पक्कं, पैसे परत न मिळणारं तिकीट काढायची सक्ती नाही. परतीच्या प्रवासाचं आरक्षण दाखवलं तरी चालतं. पण आरक्षण म्हणजे एअरलाइनच्या साइटवर पीएनआर टाकला की उघडणारं आरक्षण. नेहमीचा ट्रॅव्हल एजंट ते काही दिवस होल्ड करून देतो किंवा रद्द करता येणारं तिकीट काढून देतो. संगणकावर बनवलेला तिकिटाचा कागद ही वेगळी गोष्ट आहे, ती बनावट आहे. आणि उसन्या पैशांचं काय सांगायचं! तीन महिन्यांचं स्टेटमेंट मागतात ते नुसती शिल्लक बघायला नाही, पैसा येतो कुठून आणि जातो कुठे तेही बघायला. ४० हजारांच्या पेन्शनच्या ओळींमध्ये अर्जाच्या आधीच्या आठवड्यात चार लाखांची एक ओळ आली, तर ती शोधायला भिंग लागत नाही.

तिसरं: "जर्मनी कडक आहे, सोप्या देशाकडून व्हिसा घ्या आणि थेट जर्मनीला उतरा." इथेही अर्धं सत्य आहे. शेंगेन व्हिसा साधारणपणे सगळ्या २९ देशांत चालतो, आणि ज्याने व्हिसा दिला त्याच देशात पहिलं पाऊल ठेवलं पाहिजे असाही नियम नाही. झुरिकवरून श्टुटगार्टला जाता येतं. पण अर्ज कुठे करायचा हे कलम ५ ठरवतं: जिथे मुख्य मुक्काम किंवा मुख्य हेतू आहे तिथे. असं मुख्य ठिकाण ठरवता येत नसेल तरच जिथून प्रथम आत शिरणार तो देश. दोन-अडीच महिने लेकीकडे राहायचं आणि अर्ज दुसऱ्याच देशाकडे टाकायचा, म्हणजे पुन्हा खोटी सहल, खोटी हॉटेलं, खोटी सही.

चौथा मुद्दा ऐकून मला खरंच काळजी वाटली, कारण बाळंतपणाला गेलेल्या आयांना तो मोहात पाडणारा आहे: "९० दिवस संपत आले की एक दिवस स्वित्झर्लंडला जाऊन या, परत ९० दिवस मिळतात." स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे. तिथे गेलात तरी तुम्ही आतच आहात. लंडनला जाऊन आलात तर बाहेर पडाल, पण हिशेब कोरा होत नाही. नियम असा आहे: कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. आज मागे वळून १८० दिवस मोजायचे, त्यात आत घालवलेले दिवस मोजायचे, आल्याचा आणि गेल्याचा दिवसही धरायचा. व्हिसावर मुक्कामाचे दिवस ९० पेक्षा कमी लिहिले असतील तर तितकेच. वर्षभराचा मल्टिपल व्हिसा असला तरी हेच. पूर्वी शिक्क्यांवरून मोजायचे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन येण्याजाण्याची नोंद करणारी यंत्रणा सुरू झाली, तिच्यात जास्तीचे दिवस यंत्रच मोजतं. "बाळ लहान आहे, आणखी महिनाभर राहते" म्हणून मुदत वाढत नाही. ती वाढते अपरिहार्य अडचण किंवा मानवतेच्या कारणासाठी. म्हणून तारखा आधीच नीट ठरवा: बाळंतपणाच्या आधी किती, नंतर किती. विहीणबाई नंतर जाणार असतील तर पाळ्या लावा. मावशीच्या घरी आता तेच ठरतंय.

पाचवं: "मुलाने साधं निमंत्रणपत्र पाठवलं की पैसे, इन्शुरन्स काही लागत नाही." साधं पत्र म्हणजे फक्त निमंत्रण. खर्चाची हमी हवी असेल तर जर्मनीत त्यासाठी वेगळा सरकारी कागद आहे, फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग, तिथली आपली मंडळी त्याला ऑब्लिगेशन लेटर म्हणतात. तो मुलीने किंवा जावयाने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात स्वतः जाऊन, पगाराचे कागद दाखवून घ्यायचा, फी २९ युरो, आणि मूळ प्रत इकडे पाठवायची. जावयांनी तो सही करण्याआधी समजून घ्यावा: पाहुण्यांवर सरकारी पैसा खर्च झाला तर तो भरण्याची जबाबदारी येते, आजारपणाचा खर्चही त्यात आला. म्हणूनच इन्शुरन्स सुटत नाही. किमान ३०,००० युरोचं, पूर्ण शेंगेन क्षेत्रात आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांसाठी चालणारं प्रवास आरोग्य विमा पत्र लागतंच. मुलीच्या जर्मन आरोग्य विम्यात आईवडिलांचं नाव घालता येत नाही, तो नवरा-बायको आणि मुलांपुरता. काकांना रक्तदाबाचा त्रास आहे, त्यामुळे आधीच्या आजारांचं कलम वाचून पॉलिसी घ्या असं मी त्यांना आग्रहाने सांगितलंय. इथे दोन-चार हजार वाचवू नका.

सहावं झटपट. "ईटियास आलं की भारतीयांना व्हिसा नको." ईटियास ही ज्यांना आजही व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठीची पूर्वपरवानगी आहे, अमेरिकन, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन पासपोर्टवाल्यांसाठी. न्यू जर्सीचा भाचा अमेरिकन नागरिक असेल तर त्याला लागेल, भारतीय पासपोर्टवाल्या मावशीला व्हिसाच लागेल. ईटियासच्या नावाने पैसे मागणाऱ्या साइटवर कार्ड नंबर टाकू नका.

सातवं: "नकार आला तर फुकट अपील करा, लगेच मिळतो." हे पूर्वी काही अंशी खरं होतं. जर्मन कॉन्सुलेटकडे फेरविचाराचं पत्र देता यायचं. ती सोय जर्मनीने १ जुलै २०२५ पासून जगभर बंद केली. आता नव्याने अर्ज करायचा, पुन्हा ९० युरो भरायचे, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं. म्हणून पहिलाच अर्ज खरा आणि पूर्ण हवा.

आठवं, "घरचं काहीही नेता येतं, स्वतःसाठी आहे म्हणायचं." तूप नेता येत नाही. दूध आणि दुधाचे पदार्थ, मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनबाहेरून प्रवाशाला आणता येत नाहीत. फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच सूट आहे, हापूस त्यात नाही. तूप तिकडच्या भारतीय दुकानात मिळतं.

मावशीच्या फाइलमधून हॉटेलचं पान काढून टाकलंय, कुटुंबभेटीच्या चौकटीत खूण केलीय आणि बहिणीने ऑब्लिगेशन लेटरसाठी अपॉइंटमेंट मागितलीय. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि निदान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण ४५ पर्यंत लागू शकतात. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला हवा. काकांचा पासपोर्ट परतीनंतर दोनच महिन्यांत संपतोय, तेव्हा त्याचं नूतनीकरण आधी, बाकी सगळं नंतर.