दुसऱ्याचं पाहावं वाकून

हॉटेल चालवायला घेतलंत? अभिनंदन. आता पहिलं काम करा, स्वतःच्या रजिस्टरकडे पाठ फिरवा. आपले पाहुणे कुठून येतात, किती दिवस आधी बुकिंग करतात, ऐनवेळी कोण रद्द करतं, ही सगळी माहिती तुमच्याच संगणकात फुकट पडलेली असते. फुकटच्या गोष्टीत कसलं आलंय तथ्य? खरी माहिती म्हणजे शेजारच्या हॉटेलात काल रात्री किती खोल्या लागल्या ती. तिच्यासाठी वर्गणी भरावी लागते, म्हणजे ती मोलाची असणारच.

वर्गणी घेणारेही आहेत. अमेरिकेत 1985 साली स्मिथ ट्रॅव्हल रिसर्च, म्हणजे आजची एसटीआर, सुरू झाली आणि हॉटेलवाल्यांची मोठी सोय झाली. आपल्या किती खोल्या विकल्या गेल्या आणि त्यांतून किती पैसे आले हे कळवायचं, बदल्यात आपण निवडलेल्या स्पर्धकांच्या गटाचे आकडे घ्यायचे. कोणा एकाचा आकडा वेगळा दिसत नाही, सगळ्यांचा मिळून दिसतो. या गटाला धंद्यात ‘कॉम्प सेट’ म्हणतात. तुमची ऑक्युपन्सी, म्हणजे शंभरातल्या किती खोल्या भरल्या ते प्रमाण, गटाएवढीच असली की निर्देशांक 100. वर गेलात की शाबासकी, खाली आलात की बैठक.

कॉम्प सेट निवडणं ही मात्र कला आहे. आपल्याकडे जागा नसली तर आपला पाहुणा कुठे जातो, हे बघून गट ठरवावा असं शिकवतात. शिकवू देत. तुमचा बोनस निर्देशांकावर अवलंबून असेल तर ज्यांच्या दोन मजल्यांचं नूतनीकरण चाललंय, ज्यांची लिफ्ट महिनाभर बंद आहे, अशी हॉटेलं हेरून गटात घ्या. उलट आपण कोणाच्या पंक्तीला बसतो हे मालकाला मित्रांत मिरवायचं असेल, तर आपल्याहून चार पायऱ्या वरची नावं घाला. निर्देशांक कधीच 60 च्या वर जाणार नाही, पण अहवालात शेजार किती भारदस्त दिसेल!

वर्गणी परवडत नसेल तर फोन आहेच. रात्री अकरानंतर रिसेप्शनवरचा मुलगा शेजारी फोन लावतो.

“किती झाले?”

“ब्याण्णव. तुमचे?”

“अठ्ठ्याऐंशी.”

दोघंही थापा मारतात, दोघांनाही ते ठाऊक असतं आणि दोघंही आकडा इमानेइतबारे वहीत उतरवून घेतात. सकाळच्या बैठकीत त्याच आकड्याचा ‘बाजाराचा कल’ होतो. फोनवर विश्वास नसलेले शेजारच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजून येतात. एका बसमधून पन्नास माणसं उतरली तरी मोजणीत गाडी एकच, पण इतक्या खोलात शिरायचं कारण नाही.

आता मुख्य विद्या. शेजाऱ्याने दर उतरवला की आपणही उतरवायचा. का उतरवला, हे विचारायचं नाही. त्याच्याकडे परिषदेसाठी राखून ठेवलेल्या 60 खोल्या कालच सुटल्या असतील. तो स्वस्त दर फक्त बिनखिडकीच्या, पैसे परत न मिळणाऱ्या खोल्यांचा असेल. किंवा कोणाच्या हातून एक शून्य कमी पडलं असेल. दर स्क्रीनवर दिसतो, त्यामागची मागणी दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीचा विचार करायला तुमच्याकडे वेळ नाही. त्याचा आकडा लाल होऊन खाली गेला, एवढं पुरे. तुम्ही दर उतरवलात की पाचच मिनिटांत त्याच्या स्क्रीनवर तुम्ही लाल व्हाल. तो तुमच्याखाली जाईल, मग तुम्ही त्याच्याखाली. संध्याकाळपर्यंत दोघांनीही बाजार पडल्याचं एकमेकांच्या साक्षीने सिद्ध केलेलं असेल.

या कामात गणित आड येऊ देऊ नका. दर 10 टक्क्यांनी उतरवला तर तेवढाच पैसा मिळवायला 11 टक्के जास्त खोल्या विकाव्या लागतात. 25 टक्क्यांनी उतरवला तर 33 टक्के जास्त. शिवाय त्या प्रत्येक जादा खोलीची चादर धुवायची, साफसफाई करायची आणि बुकिंगच्या वेबसाइटला कमिशनही मोजायचं. आणि गावातली सगळी हॉटेलं स्वस्त झाली म्हणून परिषदेला दुप्पट डॉक्टर येत नाहीत. यायचे होते तेवढेच येतात, फक्त कमी पैशात झोपतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी हजारो हॉटेलांचे आकडे तपासले, तेव्हा स्पर्धकांहून दर वर ठेवणाऱ्यांच्या खोल्या तुलनेने कमी भरतात, पण त्यांचा रेव्हपार, म्हणजे हॉटेलातल्या भरलेल्या-रिकाम्या सगळ्या खोल्यांमागे येणारा पैसा, जास्त असतो असं दिसून आलं. असले निष्कर्ष वाचून डोकं बिघडतं. वाचू नका.

अलीकडे एक नवा धोका आलाय. स्पर्धकांचं कालचं नव्हे, पुढच्या तारखांचं बुकिंगही विकत मिळतं. त्यातलं ग्रुपचं किती, कंपन्यांचं किती, सुटीवाल्यांचं किती, हेही कळतं. सांभाळा, या माहितीतून खरोखरच काही शिकायला मिळण्याची भीती आहे. समजा, तीन महिन्यांनंतरचा एखादा मंगळवार. शेजारचे सगळे ग्रुप बुकिंगने भरत आलेत आणि तुम्ही रिकामे. एखादा आगाऊ रेव्हेन्यू मॅनेजर, म्हणजे दर ठरवणारा माणूस, म्हणेल, थांबा, उशिरा येणाऱ्यांना आपल्याशिवाय जागाच उरणार नाही, दर धरून ठेवू. त्याला गप्प बसवा. ते भरलेत आणि आपण रिकामे, म्हणजे आपण महाग, असा सरळ अर्थ काढा आणि सवलत जाहीर करा. खोल्या पटापट जातील. आठवडाभर आधी दुप्पट पैसे द्यायला तयार असलेली माणसं फोन करतील, तेव्हा रिसेप्शनवरचा मुलगा अभिमानाने सांगेल, “हाउसफुल!” त्या रात्रीच्या शंभर टक्के ऑक्युपन्सीचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. आणि सगळेच रिकामे असतील तर? तेव्हाही दर उतरवा. गावात त्या दिवशी कोणी येणारच नाहीये, ही काही सबब नव्हे.

कायद्याचं विचाराल तर, माहिती विकत घेण्यात मजा नाही असं वाटणाऱ्यांनी पॅरिसकडे बघावं. तिथल्या रिट्झ, क्रियों, जॉर्ज सँकसारख्या सहा बड्या हॉटेलांनी मधला दलाल टाळून ऑक्युपन्सी, सरासरी दर आणि रेव्हपार थेट एकमेकांनाच कळवायची पद्धत पाडली होती. 2005 मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा परिषदेने सहा जणांना मिळून 7 लाख 9 हजार युरोंचा दंड ठोठावला. दर संगनमताने ठरवल्याचं सिद्ध करायचीही गरज पडली नाही, गोपनीय आकड्यांची देवाणघेवाणच पुरली. आपल्या रात्रीच्या फोनशी याचा काही संबंध नाही, असं मनाला बजावा. इथं थापाच मारल्या जातात, हा बचाव कोर्टात टिकेल का, हे वकिलाला विचारा.

राहता राहिली एक वही. किती जणांना खोली नाही म्हटलं, किती जण दर ऐकून परत गेले, याची नोंद ठेवायला काही हॉटेलांत एक वही असते. आपली मागणी मुळात किती होती, हे त्यातून कळतं. ती बंद करा. लिहायला कंटाळा येतो आणि त्यातलं एक पानही शेजाऱ्याबद्दल नसतं.

एवढं सगळं नीट पाळलंत की वर्षअखेरीला चित्र असं दिसेल: गटाची ऑक्युपन्सी 80 वरून 40 वर आली, तुमची 80 वरून 44 वर. निर्देशांक 110! अहवालात सगळं हिरवंगार. मालक म्हणेल, पगाराला पैसे नाहीत. त्याला समजावून सांगा की पैसे ही निरपेक्ष गोष्ट आहे, आपण तुलनेने जिंकलोय. तरीही त्याने घरी पाठवलंच तर शेजारच्या हॉटेलात अर्ज टाका. तिथले आकडे तुम्हाला तोंडपाठ आहेतच आणि आपल्या हॉटेलाबद्दल तुम्हाला काहीच माहिती नसल्यामुळे गोपनीयतेचा भंग होण्याचाही प्रश्न नाही.