काका, फ्राइज गार झाल्या तो दोष माझा

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि तावातावाने उत्तर लिहायला बसलो. चार ओळी झाल्यावर झोप आली, ते बरंच झालं. सकाळी चहा घेताना परत वाचली तेव्हा लक्षात आलं की तुमच्या निम्म्या तक्रारी खऱ्या आहेत. उरलेल्यांवर मात्र मी भांडणार आहे.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. काका-काकू सध्या अमेरिकेत मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले आहेत. बेसबॉलच्या मैदानावर काय खावं यावरचा माझा लेख वाचून मुलाने त्यांना सॅन फ्रान्सिस्कोला ओरॅकल पार्क मैदानावर तिथल्या जायंट्स संघाची मॅच दाखवायला नेलं. मी 'गार्लिक फ्राइज (लसूण घातलेले तळलेले बटाटे) खाल्ल्याशिवाय परतू नका' असं ठोकून दिलं होतं, म्हणून काका पंचवीस मिनिटं रांगेत उभे राहिले. तेवढ्यात होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) झाला, सगळं मैदान ओरडलं आणि काकांना दिसली ती पुढच्या माणसाची पाठ. फ्राइज घेऊन वरच्या मजल्यावरच्या खुर्चीत पोचेपर्यंत त्या गार, आणि लसूण 'कच्ची, उग्र'. पुढे काका लिहितात: "शाकाहारी माणसाने तिथे खायचं काय? तुम्ही इंटरनेटवरच्या याद्या वाचून लेख लिहिता. टोळ खा म्हणून सांगणाऱ्याने 'उत्तम' हा शब्द वापरू नये. शेवटी हिने आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या मांडीवर रुमाल टाकून चोरून खाल्ल्या. त्या दिवसातलं उत्तम खाणं तेच."

होम रनचं आधी. तो हुकला त्याला मीच जबाबदार. मी इथल्या मॅचेस बघायला लागलो तेव्हा बेसबॉल हा निवांत खेळ होता. पिचर (चेंडू टाकणारा) टोपी सारखी करणार, बॅटर (फलंदाज) हातमोजे सोडून पुन्हा बांधणार, तेवढ्यात आपण खाली जाऊन परत यायचो. २०२३ पासून घड्याळ लावलंय. बेसवर, म्हणजे धावताना थांबायच्या टप्प्यांवर, कोणी नसेल तर पिचरने १५ सेकंदांत चेंडू टाकायला सुरुवात केलीच पाहिजे. २०२२ मध्ये नऊ इनिंगची (डावांची) मॅच सरासरी ३ तास ४ मिनिटं चालायची, ती पुढच्याच वर्षी २ तास ४० मिनिटांवर आली. म्हणजे एक इनिंग साधारण अठरा मिनिटांत उरकते, आणि तुमच्या पंचवीस मिनिटांत जवळजवळ दीड इनिंग गेली. (बिअरवाल्यांनाही हा फटका बसला. बऱ्याच मैदानांवर सातव्या इनिंगनंतर बिअर बंद व्हायची. खेळ लवकर संपायला लागल्यावर काही संघांनी विक्री आठव्या इनिंगपर्यंत नेली.) माझा लेख २०२३ नंतरचा आणि सल्ला त्याच्या आधीचा. चूक कबूल.

आता मी स्वतः काय करतो ते सांगतो, जे लेखात लिहायला हवं होतं. मी राहतो त्या सनीवेलहून कॅलट्रेन ही लोकल पकडून मैदानाची दारं उघडताना पोचतो. आत गेल्यावर पहिली फेरी रिकाम्या हाताने. कुठे काय तळलं जातंय, कोणती रांग सरकते, कोणती नुसती उभी आहे, हे बघून घ्यायचं. जायंट्सची जुनी, रंग उडालेली टोपी घातलेली आजोबा-आजी मंडळी जिथे उभी असतील तिथे माझं लक्ष असतं. फोटो काढायला उभ्या असलेल्या लोकांची रांग मी सोडून देतो. गरम पदार्थ पहिला चेंडू पडायच्या आधी खाऊन मोकळं व्हायचं. मॅच सुरू झाल्यावर हातात फक्त गार झालं तरी चालणारं काहीतरी. दोन इनिंगच्या मधल्या सुट्टीत मात्र कधीच उठायचं नाही, कारण तेव्हा चाळीस हजारांतल्या निम्म्या लोकांना तेच सुचलेलं असतं.

फ्राइजबद्दल. हे मैदान खाडीच्या काठावर आहे. उजव्या बाजूच्या भिंतीपलीकडे थेट पाणी, त्यात लोक कयाक घेऊन होम रनचा चेंडू झेलायला बसलेले. जुलैच्या संध्याकाळीसुद्धा असा वारा सुटतो की स्वेटर लागतो. अशा हवेत तळलेला बटाटा जिना चढून वर न्यायचा म्हणजे तो गार होणारच, त्यात दुकानदाराचा काही दोष नाही. लसूण मात्र तशीच असते, काका. आपली लसूण फोडणीत खरपूस होते. इथे तळलेल्या बटाट्यांवर बारीक चिरलेली लसूण, तेल आणि पार्सली घालून घोळवतात. तो उग्रपणा हाच त्या पदार्थाचा स्वभाव. गॉर्डन बिअर्श या ब्रुअरीवाल्यांपैकी डॅन गॉर्डन यांनी हा पदार्थ रुजवला, आणि जायंट्स जुन्या कँडलस्टिक पार्कवर खेळायचे तेव्हापासून लोक तो खातायत. इथून दक्षिणेला सव्वा-दीड तासावर गिलरॉय नावाचं गाव आहे, स्वतःला लसणाची राजधानी म्हणवणारं. तिथून गाडीच्या काचा खाली करून गेलात तर वास सांगतो. म्हणून लॉस एंजेलिसच्या मैदानावरच्या लसूण-फ्राइज मला नक्कल वाटतात आणि इथल्या अस्सल. चव सारखी असली तरी.

इथेच आपलं खरं भांडण आहे. 'उत्तम' म्हणजे काय? मी मूळचा कुडाळचा. लहानपणी जत्रेत दशावतार बघायला रात्रभर बसायचो आणि कागदाच्या पुडीतलं खाजं खायचो. बेसनाच्या कांड्या, वर गुळाचा नि आल्याचा जाड थर. दुपारी घरी ताटात वाढलं तर त्या खाजाला कोणी हात लावणार नाही, दात दुखतात. पण पहाटे दोनला संकासूर रंगमंचावर आलेला, नजर तिकडे, आणि हात आपोआप पुडीत जातो, तेव्हा त्याच्या तोडीचं काही नाही. मैदानावरचं खाणं मी याच हिशेबाने बघतो. टेबल नाही, ताट नाही, एक हात मोकळा हवा, नजर खेळावरून हलता कामा नये, तीन तास पुरलं पाहिजे आणि ते त्या गावचं असलं पाहिजे. या परीक्षेत पंचतारांकित स्वयंपाकीसुद्धा नापास होतात.

आता तुमचा सगळ्यांत बोचरा आरोप, याद्या वाचून लिहितो हा. एका पदार्थाबाबत तो खरा आहे. डंजनेस खेकड्याचं सँडविच मी यादीत घातलं कारण सगळे घालतात. आंबट सावरडो पावात खेकड्याचं मांस, लोणी लावून भाजलेलं, वीस डॉलरच्या वर किंमत. चव वाईट नाही. पण मी कुर्ल्यांच्या मुलखातला माणूस, मला हे आधीच सुचायला हवं होतं की डंजनेसचा भर हिवाळ्यात आणि बेसबॉलचा उन्हाळ्यात. ऑगस्टमध्ये खाडीकडे बघत 'ताजा स्थानिक खेकडा' खाल्ल्याचं समाधान मी करून घेत होतो, एवढंच. ते सँडविच यादीतून काढतोय.

त्याच्या जागी चा-चा बोल वर सरकतोय. सेंटर फील्डच्या, म्हणजे बॅटरच्या समोरच्या टोकाच्या, मागच्या बाजूला मिळतो: भात, काळे घेवडे, वर जर्क नावाच्या तिखट मसाल्यातली कोंबडी. जायंट्सचे जुने खेळाडू ऑर्लँडो सेपेडा यांच्या नावाने हा स्टॉल आहे. पोर्तो रिकोचे सेपेडा १९५८ मध्ये, म्हणजे जायंट्स न्यूयॉर्क सोडून इथे आले त्याच वर्षी, पदार्पणातच 'रूकी ऑफ द इयर' (वर्षातला सर्वोत्तम नवखा) झाले. २०२४ मध्ये ते गेले. मला हा प्रकार फार आवडतो, की खेळाडू निवृत्त होतो आणि त्याच्या बेटावरचा भात मैदानात राहतो. बाल्टिमोरलाही असंच आहे. तिथल्या कॅम्डन यार्ड्स मैदानावर बूग पॉवेल या जुन्या खेळाडूच्या नावाची भट्टी आहे, पण तिथे बीफ असतं, म्हणून तुमच्यासाठी तो विषय इथेच सोडतो.

टोळ! त्यावर मी माघार घेणार नाही. सिएटलच्या मैदानावर २०१७ पासून भाजलेले नाकतोडे मिळतात, मीठ-मिरची-लिंबू लावलेले. तुम्हाला वाटलं हा अमेरिकनांचा चाळा. मेक्सिकोत, विशेषतः वाहाका भागात, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं खाणं आहे आणि सिएटलला ते विकणारं दुकानही मेक्सिकन पदार्थांचंच आहे. पहिल्या काही मॅचेसमध्येच सगळा साठा संपला. मग त्यांनी एका मॅचला ३१२ पुड्यांची मर्यादा घातली, कारण सिएटलचा लाडका एडगर मार्टिनेझ याची कारकिर्दीची फलंदाजीची सरासरी होती .३१२. हे वाचूनच मी अर्धा जिंकला गेलो होतो. आणि चव? काका, तुम्ही शाकाहारी, तुम्हाला सांगून उपयोग नाही, पण काकूंच्या माहेरी कोणी कोकणातलं असेल तर विचारा: तव्यावर भाजलेला सुका जवळा, अगदी तसाच.

हॉट डॉगवर तुम्ही काही लिहिलं नाहीत, बहुधा तिरस्कारापोटी. तरी एक सांगतो, जायंट्सचा चाहता, म्हणजे डॉजर्सचा वैरी, असूनही. लॉस एंजेलिसचं डॉजर स्टेडियम १९६२ मध्ये उघडलं तेव्हापासूनचा तिथला दहा इंची डॉजर डॉग पावाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावतो. चवीला साधा आहे. पण २०२१ मध्ये सॉसेज बनवणारी कंपनी बदलली तेव्हा तिथले लोक असे हळहळले, जणू घराण्यातलं लोणचं बिघडलं. डॉजर्सबद्दल यापेक्षा जास्त चांगलं माझ्याकडून लिहवणार नाही.

शाकाहाराच्या बाबतीत तुमचं म्हणणं बरोबर आणि माझा लेख तोकडा. मी सगळं खातो, त्यामुळे तिकडे बघितलंच नाही. सेंटर फील्डच्या भिंतीमागे २०१४ पासून एक खरीखुरी बाग आहे, भाज्या लावलेली, आणि शेजारी फ्लॅटब्रेड नि सॅलड मिळतं. बेसबॉलच्या मैदानात कोबीचे वाफे बघून काकूंना नक्की गंमत वाटेल. नाचोज आहेतच. मैदानावरचे नाचोज १९७६ मध्ये टेक्सासच्या आर्लिंग्टन स्टेडियमवर सुरू झाले. फ्रँक लिबर्टो यांनी वितळवत बसावं न लागणारं पातळ चीज आणलं आणि गिऱ्हाईक सेकंदांत मोकळं व्हायला लागलं. मला स्वतःला ते चीज म्हणजे पिवळा डिंक वाटतो, पण रांग झटपट सरकते हे मान्य. आणि क्रॅकर जॅक घ्या: मक्याच्या लाह्या नि शेंगदाणे, काकवीसारख्या पाकात घोळवलेले. नाव १८९६ पासूनचं. १९१२ पासून प्रत्येक खोक्यात पोरांसाठी छोटं खेळणं निघायचं, २०१६ मध्ये त्या जागी मोबाइलवर स्कॅन करायचा कागद आला. नातवंडांना न्याल तेव्हा हे आधी सांगून ठेवा, नाहीतर रुसतील. तर हे अमेरिकेचं खाजं. माझ्या परीक्षेत पैकीच्या पैकी.

पुऱ्यांचं राहिलं. काका, चोरून का खाल्ल्यात? वानखेडेवर दारातच डबा नि पाण्याची बाटली काढून घेतात, त्या सवयीने तुम्ही रुमाल टाकला असणार. ओरॅकल पार्कला घरचं खाणं उघड नेता येतं, पाण्याची सीलबंद प्लास्टिकची बाटलीही. इतर बहुतेक बेसबॉल मैदानांवरही नेता येतं, फक्त पिशवीच्या आकाराचा नियम आधी बघून घ्यायचा. तेव्हा पुढच्या वेळी काकूंना ऐटीत डबा उघडू दे. आणि हो, त्या पुऱ्या माझ्या परीक्षेत फ्राइजच्या पुढे जातात: एका हाताने खाता येतात, गार झाल्या तरी चालतात, तीन तास टिकतात. फक्त त्या गावच्या नाहीत, म्हणून अर्धा गुण कापतोय.

लेखातली ती 'खाल्ल्याशिवाय परतू नका' वाली ओळ बदलली आहे. आता तिथे लिहिलंय: मॅचच्या आधी, खालच्या मजल्यावर, उभ्या उभ्या खा.

तुमच्यासाठी एकच शिफारस ठेवतो, खाऱ्या भाजलेल्या शेंगा, सालासकट. सातव्या इनिंगच्या मध्यात सगळे उभे राहून जे गाणं म्हणतात त्यातसुद्धा शेंगदाणे आहेत. मुलगा म्हणेल टरफलं पिशवीत भरा. भरू नका. बेसबॉलमध्ये टरफलं पायाशीच टाकायची रीत आहे, कोणी वाकड्या नजरेने बघत नाही, आणि शेवटच्या इनिंगला खाडीवरचे सीगल उतरून उरलंसुरलं टिपतात. टिळकांनी शेंगा खाल्ल्या नव्हत्या म्हणून टरफलं उचलली नाहीत. तुम्ही खाऊनसुद्धा उचलू नका.