पाटी बदलली, सातबाऱ्याचे काय?
वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याच्या राज्य सरकारच्या डिसेंबर २०२० मधील निर्णयाचे आपण छापलेल्या लेखात केलेले स्वागत योग्यच आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये होऊनही नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागलेल्या मराठवाड्याला नावाचे मोल निराळे सांगायला नको. मात्र आमच्या परभणीकडच्या गावात वस्तीची पाटी तेवढी नवी झाली. स्मशानभूमीची वाट पावसाळ्यात आजही गुडघाभर चिखलातच असते. जमिनीचेही तेच. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे, परंतु त्यासाठी सरकारला सरकारी दरात जमीन विकणारा शेतकरीच सहसा मिळत नाही (आणि मिळालाच, तर रान बहुधा मुरमाड निघते). लेखात या योजनेचा साधा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटले.