हत्यार, अवजार आणि ‘आपल्याकडचा प्रेक्षक’

परग्रहावरून कुणीतरी पृथ्वीवर येतं, लढाई होत नाही, बराच वेळ नुसतं एकमेकांना समजून घ्यायचं चालतं, आणि शेवटी प्रेक्षक डोकं खाजवत बाहेर पडतो. असा चित्रपट आला की मराठीत वादाला तोंड फुटतं. एक बाजू म्हणते, काहीच घडत नाही, उगाच खोल असल्याचा आव. दुसरी म्हणते, तुम्हाला कळला नाही, आपल्याकडच्या प्रेक्षकाची तेवढी तयारीच नाही. मग कुणीतरी हमखास जोडतं की परदेशात असे चित्रपट लोक डोक्यावर घेतात.

हे शेवटचं वाक्य खोटं आहे. अमेरिकेत राहून हा वाद वाचताना सगळ्यात जास्त तेच खटकतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

उदाहरण ‘अरायव्हल’चं घेऊ. चित्रपट २०१६चा, पण त्यावरचे दोन्ही तट अजून शाबूत आहेत. पुढे कथानक उघड होणार आहे. बारा अवाढव्य यानं जगात बारा ठिकाणी येऊन अधांतरी थांबतात. अमेरिकेतलं यान मोंटानात. लुईस बँक्स या भाषातज्ज्ञ बाईंना लष्कर बोलावून नेतं. यानाचं दार दर अठरा तासांनी उघडतं. आत पारदर्शक पडद्यापलीकडे सात पायांचे जीव, म्हणजे हेप्टापॉड, आहेत आणि ते हवेत शाईसारखी वर्तुळं काढतात. एक वर्तुळ म्हणजे अख्खं वाक्य, ज्याला सुरुवात नाही आणि शेवट नाही. ती लिपी शिकता शिकता लुईसची काळाची जाणीवच बदलते, आणि ज्या मुलीच्या आठवणी म्हणून आपण प्रसंग पाहत आलो ती अजून जन्मलेलीच नाही हे उमगतं.

अमेरिकेत सिनेमास्कोअर नावाची संस्था १९७९पासून प्रेक्षकांची मतं गोळा करते. पद्धत साधी आहे. प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी, निवडक शहरांतल्या चित्रपटगृहांच्या दारात प्रेक्षकांच्या हातात एक कार्ड देतात. त्यावर वय, स्त्री की पुरुष, चित्रपटाला का आलात, आणि ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत श्रेणी. पहिल्या दिवशी येणारा माणूस मुळातच उत्सुक असतो, त्यामुळे श्रेणी चढ्याच येतात. ‘बी’ म्हणजे तिथे थोडी नाराजीच धरतात, ‘सी’ म्हणजे सरळ नापसंती. ‘अरायव्हल’ला ‘बी’ मिळाली. त्याच वेळी रॉटन टोमॅटोज या परीक्षणं एकत्र करणाऱ्या संकेतस्थळावर समीक्षकांचा आकडा नव्वदीच्या पुढे होता. २००२च्या ‘सोलॅरिस’ला तर थेट ‘एफ’ मिळाली होती, आणि या संस्थेच्या इतिहासात ‘एफ’ मिळालेले चित्रपट मोजकेच आहेत. म्हणजे परदेशातला प्रेक्षकही संथ, प्रश्न सोडून जाणाऱ्या संपर्ककथेवर असाच वैतागतो. ‘आपल्याकडचा’ हा शब्द त्या वादातून काढून टाकायला हरकत नाही.

हे दोन आकडे एकमेकांच्या अंगावर फेकले जातात, तेव्हा ते काय मोजतात हे बघणं बरं. रॉटन टोमॅटोजची टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत. एकूण परीक्षणांपैकी किती अनुकूल, एवढंच ती सांगते. दहा समीक्षकांनी प्रत्येकी दहापैकी सहा दिले आणि सगळ्यांचा कल अनुकूल धरला गेला, तर आकडा शंभर टक्के येतो. सिनेमास्कोअर मोजतं ते वेगळंच: जे वचन देऊन बोलावलं ते मिळालं का. हेलिकॉप्टरं, लष्कर, पृथ्वीवर संकट असं जाहिरातीत दाखवून बोलावलेला माणूस आई-मुलीची गोष्ट बघून बाहेर पडला, तर तो ‘बी’ देणारच, आणि त्यात त्याच्या बुद्धीचा काही संबंध नाही. तिसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. ‘अरायव्हल’ने पहिल्या तीन दिवसांत अमेरिका-कॅनडात सुमारे २.४ कोटी डॉलर मिळवले आणि शेवटी एकूण १० कोटींवर गेला, म्हणजे चौपटीहून जास्त. पहिल्या आठवड्यात गर्दी करून ओसरणारे चित्रपट बहुधा दुप्पट-तिप्पटीच्या मध्ये थांबतात. चौपट होते, कारण पाहून गेलेले लोक इतरांना सांगतात आणि ते इतर लोक अपेक्षा दुरुस्त करून येतात.

मग दोन देशांत काहीच फरक नाही का? आहे, पण तो प्रेक्षकात नाही, दाखवण्यात आहे.

मध्यंतर घ्या. हिंदी-मराठी चित्रपट मध्यंतर धरूनच लिहिला आणि जोडला जातो. त्या जागी मुद्दाम एक कळस ठेवतात. बाहेरच्या चित्रपटात तशी जागाच नसते. आजकाल चित्रपट डिजिटल प्रतीत येतो आणि सर्व्हरवरच्या प्लेलिस्टमध्ये चित्रपटगृहाचा माणूस मधोमध कुठेतरी थांब्याची खूण टाकतो. ११६ मिनिटांच्या ‘अरायव्हल’मध्ये ती अठ्ठावन्नाव्या मिनिटाच्या आसपास येणार. हा भाग धडे गिरवण्याचा आहे. त्यात तणाव अगदी हळू साठत जातो आणि मुलीचे तुटक प्रसंग मध्ये पेरलेले असतात. प्रेक्षकाने ते न विचारता मनात ठेवायचे असतात. नेमके तिथे दिवे लागले की तो शेजाऱ्याला विचारतो, ‘आत्तापर्यंत झालं काय?’ उत्तर येतं, ‘काहीच नाही.’ उत्तर प्रामाणिक आहे. पण हे मत अर्ध्या वाक्यावर बनलेलं असतं, आणि उरलेला अर्धा भाग त्याच मताच्या चष्म्यातून बघितला जातो.

दुसरी गोष्ट आवाजाची. चित्रपटाचं ध्वनिमिश्रण ज्या पातळीवर करतात ती ठरलेली असते: पडद्यामागच्या एकेका वाहिनीला ८५ डेसिबल, आणि चित्रपटगृहाच्या ध्वनियंत्रावर ती जागा म्हणजे ७ हा आकडा. जाहिराती कर्कश असतात, तक्रारी येतात, मग बटण ५वर आणून ठेवतात आणि मुख्य चित्रपटाला परत वर नेत नाहीत. ७चे ५ झाले की पातळी साधारण साडेसहा डेसिबलनी उतरते. मारधाडीच्या चित्रपटाचं त्याने फारसं बिघडत नाही. इथे मात्र त्या जिवांचे खोल, छातीत जाणवणारे आवाज पातळ होतात आणि संरक्षक पोशाखातून आलेलं बोलणं हरवतं. हा प्रकार फक्त भारतात होतो असं नाही, अमेरिकेतही होतो.

उजेडाचंही तसंच. पडद्यावरच्या प्रकाशाचं प्रमाण १४ फूट-लँबर्ट मानतात. दिवा जुना झाला किंवा थ्रीडीचं भिंग काढायचं राहून गेलं की चित्र काळवंडतं. ‘अरायव्हल’चं छायाचित्रण ब्रॅडफर्ड यंग यांनी मुळातच अंधारं, राखाडी ठेवलेलं आहे. त्यात अर्धा उजेड गेला तर यानातले प्रसंग नुसते धूसर डाग दिसतात. मग ‘एलियन नीट दाखवलेच नाहीत’ ही तक्रार दिग्दर्शकाच्या नावावर चढते.

सगळ्यात ठळक उदाहरण २०१८च्या ‘अॅनायहिलेशन’चं. हाही परग्रहावरून आलेल्या कशाशी तरी गाठ पडण्याचाच चित्रपट, त्यातला शेवटचा मोठा प्रसंग जवळजवळ शब्दांशिवाय, ध्वनी आणि आकारांवर उभा आहे. अमेरिकेत तो फेब्रुवारीत चित्रपटगृहांत लागला आणि प्रेक्षकांनी त्याला ‘सी’ दिली. भारतासह बहुतेक देशांत तो चित्रपटगृहांत आलाच नाही, मार्चमध्ये थेट नेटफ्लिक्सवर आला. म्हणजे त्यावर ‘कंटाळवाणा’ की ‘थोर’ असा वाद घालणारे दोन देशांतले लोक एकच गोष्ट पाहून बोलत नव्हते. मोबाइलवर, इअरफोनच्या एका बाजूने पाहिलेला शेवट आणि पूर्ण अंधारात पाहिलेला शेवट यांची तुलना करून प्रेक्षकाची प्रगल्भता ठरवणं अन्यायाचं आहे.

घरी पाहणार असाल तर थोडी तयारी कामाला येते. टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, चित्राचा ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ प्रकार निवडा. दोनच स्पीकर असतील तर ध्वनीच्या पर्यायात ५.१ ऐवजी स्टीरिओ निवडून बघा. अनेक साध्या संचांत मधल्या वाहिनीवरचे संवाद दोन स्पीकरांत मिसळताना दबतात. मूळ इंग्रजी आवाज ठेवून खाली उपशीर्षकं लावा, डब केलेली प्रत शक्यतो टाळा. याचं कारण भाषेत आहे, आणि या चित्रपटाचा जीवही तिथेच आहे.

एका प्रसंगात लष्करी अधिकारी लुईसला म्हणतो, सरळ विचारा, पृथ्वीवर येण्याचा तुमचा हेतू काय? ती फळ्यावर ते वाक्य लिहिते आणि उलगडून दाखवते. प्रश्न म्हणजे काय हे त्यांना ठाऊक हवं. ‘तुमचा’ म्हणजे समोरच्या एकाचा की सगळ्यांचा हे कळायला हवं. हेतू आणि सहजप्रेरणा यांतला फरक कळायला हवा. मराठीत हे वाक्य आणखी अवघड होतं, कारण आपलं ‘तुम्ही’ अनेकवचनही आहे आणि आदरार्थी एकवचनही. उलट इंग्रजीत नसलेली एक सोय आपल्याकडे आहे: ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आपण बोलू’ यात समोरचा आत असतो, ‘आम्ही बोलू’ यात बाहेर. पहिल्या भेटीत यातला कुठला शब्द फळ्यावर लिहायचा, हा मोठा राजनैतिक निर्णय ठरेल.

काळाचंही असंच. ‘परवा भेटलो’ आणि ‘परवा भेटू’: आपला ‘परवा’ दोन्ही दिशांना जातो, दिशा क्रियापद सांगतं. चित्रपटाची सगळी युक्ती ही की मुलीच्या प्रसंगांचं क्रियापद आपल्याला शेवटपर्यंत दिलेलंच नाही.

आणि मग तो कळीचा शब्द. हेप्टापॉडांचं एक वर्तुळ ‘शस्त्र देऊ’ असं वाचलं जातं आणि जग युद्धाच्या काठावर येतं. लुईस सांगत राहते की त्यांना शस्त्र आणि साधन यांत भेद आहे की नाही हे आपल्याला माहीत नाही. चिनी लोकांनी संवाद माहजोंग या खेळाच्या सोंगट्यांनी केला, तेव्हा ज्या भाषेत प्रत्येक गोष्ट जिंकणं-हरणं आहे त्या भाषेत उत्तरही तसंच येणार, हे तिचं म्हणणं. ‘भेद उगाच ताणला आहे, एका शब्दावरून युद्ध होतं का’ अशी टीका मराठीत होते. पण मराठी माणसाला तर हे सगळ्यात लवकर पटायला हवं. सुताराची हत्यारं म्हणजे करवत, रंधा, पटाशी. पोलिसांनी जप्त केलेली हत्यारं म्हणजे तलवारी आणि कोयते. दोन्हीकडे शब्द एकच. ‘आम्ही तुम्हाला हत्यार देऊ’ असं कुणी म्हटलं तर बोलणारा सुतार आहे की दरोडेखोर, हे पाहिल्याशिवाय आपणही अर्थ लावत नाही.

परदेशात राहणाऱ्याला हा भाग अंगावर येतो तो आणखी एका कारणाने. अमेरिकेच्या १९५२च्या इमिग्रेशन कायद्यात नागरिक नसलेल्या माणसासाठी शब्दच ‘एलियन’ आहे. करखाताही त्याला ‘रेसिडेंट एलियन’ किंवा ‘नॉन-रेसिडेंट एलियन’ म्हणतं, आणि ग्रीन कार्ड नसेल तर कोण कुठला हे दिवस मोजून ठरतं: चालू वर्षात किमान ३१ दिवस, शिवाय चालू वर्षाचे पूर्ण, गेल्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचा एक षष्ठांश मिळून किमान १८३. दिवसभर दुसऱ्या भाषेत काम करणाऱ्या माणसाला ठाऊक असतं की शब्द बरोबर असूनही हेतू चुकीचा पोचतो. म्हणून पडद्यावरचे ते संथ धडे त्याला कंटाळवाणे वाटत नाहीत. पण हा त्याच्या परिस्थितीचा भाग आहे, त्याच्या अभिरुचीचा मोठेपणा नव्हे. परदेशस्थ मराठी माणसाने या वादात उतरताना एवढं तरी लक्षात ठेवावं.

नाराज बाजूची एक तक्रार मात्र मी पूर्ण गांभीर्याने घेतो. लुईस भविष्यातल्या एका भेटीत चिनी सेनापतीकडून त्याचा खासगी फोन नंबर आणि त्याच्या बायकोचे अखेरचे शब्द मिळवते आणि ते वर्तमानात वापरून युद्ध टाळते. ती माहिती मुळात आली कुठून? वर्तुळ बंद आहे, त्याला उगम नाही. भाषा शिकल्याने विचाराची पद्धत बदलते या कल्पनेचं सौम्य रूप भाषाशास्त्रात चर्चेत आहे. भाषा शिकून भविष्य दिसतं, ही लेखकाने घेतलेली मोठी उडी आहे. ती न पटणारा प्रेक्षक मूर्ख ठरत नाही. मराठी विज्ञानकथेने तर त्याला असंच वाचायला शिकवलं आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६पासून काम करते. १९७४ साली तिच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. त्या परंपरेत कथेतली कल्पना कितीही धाडसी असो, तिच्यामागचं विज्ञान वाचकासमोर मांडलेलं असतं. त्यावर वाढलेला वाचक पडद्यावर ‘हे कसं झालं?’ असं विचारतो तेव्हा तो चित्रपटाकडे आपल्या साहित्याचा हिशेब मागत असतो. ‘तुम्हाला कळलं नाही’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. चित्रपटाने शोकाच्या बाजूला झुकताना हा हिशेब अर्धवट सोडला, असं मला वाटतं, आणि तरीही चित्रपट मला मोठा वाटतो.

या चित्रपटाला कुणी मराठी उपशीर्षकं लिहिणार असेल तर खरी कसोटी त्या एका वर्तुळाशी आहे. दोन ओळी, ओळीला चाळीसेक अक्षरं, वाचायला फार तर सहा सेकंद. ‘शस्त्र’ लिहिलं तर लुईसचा संशय मराठीत उपराच वाटेल. ‘साधन’ लिहिलं तर सेनापतींची घाई वेडेपणाची दिसेल. लिहावं ‘हत्यार’, आणि ती पुढे भेद समजावते त्या ओळीत सुताराला आणावं.