श्रेय कांद्याला, धोका पेशंटला

‘फिट आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवा, हातात किल्ली द्या, जीभ गिळू नये म्हणून दातांत चमचा घाला. वर्षभर फिट आली नाही की गोळ्या बंद करा. लग्न झालं की सगळं जातं.’ सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. माझ्या मावसभावाला शाळेपासून फिट येते, म्हणून उत्तर देतोय.

बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. कांदा शोधून, फोडून आणेपर्यंत तेवढा वेळ जातोच! किल्लीचंही तेच. मेंदूतल्या पेशींचे विद्युतसंकेत एकदम उसळतात तेव्हा झटका येतो. वासाने किंवा लोखंडाने ते शमत नाहीत. ‘करून बघायला काय जातंय’ म्हणणाऱ्यांना सांगतो, वेळ जातो. सगळे कांद्यामागे धावतात आणि घड्याळाकडे कुणाचंच लक्ष नसतं. झटका पाच मिनिटांवर गेला, किंवा शुद्धीवर न येताच दुसरा आला, तर १०८ला फोन करायचा. पहिलीच फिट असेल, बाई गरोदर असेल किंवा पाण्यात फिट आली असेल, तर तेवढंही थांबायचं नाही. तोवर डोक्याखाली टॉवेल, जवळच्या टोकदार वस्तू दूर, जमेल तसं कुशीवर. हातपाय दाबून धरायचे नाहीत.

चमचा नकोच. जीभ गिळली जात नाही. दात मात्र तुटतात. पाणीही पूर्ण शुद्ध आल्यावरच.

सगळ्यांत घातक सल्ला गोळ्यांचा. फिट येत नाही ती बऱ्याचदा गोळी चालू आहे म्हणूनच. ती एकाएकी सोडली तर लागोपाठ झटके येऊन जिवावर बेतू शकतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, योग्य उपचार मिळाले तर सुमारे ७० टक्के लोक झटक्यांविना जगू शकतात. गोळ्या थांबवायच्या का, कधी, हे डॉक्टर ठरवतात, आणि तेही हळूहळू कमी करत. आमच्याकडे गोळी चुकते ती नवरात्रात. कडक उपास म्हणून गोळी राहते, वर रात्रीचं जागरण, आणि अपुऱ्या झोपेनेही झटका येतो. त्या दिवसांत मी मावसभावाला फोन करून विचारतो. वैतागतो तो, वैतागू दे.

लग्न हे औषध नाही, आणि फिट हा लग्नाला अडथळाही नाही. हिंदू विवाह कायद्यातली तशी अट १९९९मध्ये काढली गेली. पण लपवून लग्न लावू नका. सासरी चोरून घ्यायच्या गोळ्या चुकतातच. शिवाय फिटवरचं व्हॅल्प्रोएटसारखं औषध गर्भाला अपाय करू शकतं, तेव्हा मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवं.