तयार प्रोब असताना घरी सेन्सर कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळींत वाटेला लावत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मामांच्या गुऱ्हाळातल्या काहिलीसाठी, म्हणजे उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढईसाठी, मी घरी तापमानाचा सेन्सर बनवला हा नसता उपद्व्याप. डीएस१८बी२० या तापमान मोजणाऱ्या चिपचा स्टीलच्या नळीतला तयार प्रोब स्वस्तात मिळतो आणि अर्ध्या अंशापर्यंत अचूक असतो. माझा मात्र खोलीत नुसता ठेवला तरी अर्धा अंश नाचतो. सेन्सरचे आकडे जुळवून घेताना उकळतं पाणी मी १०० ऐवजी ९८ धरलंय. आणि मुळात गूळ कधी उतरवायचा ते ओळखणारा गुळव्या असताना हे हवंच कशाला?

आधी तुमच्या त्या अर्ध्या अंशाबद्दल. डीएस१८बी२० च्या डेटाशीटमध्ये ±०.५ अंश लिहिलंय खरं, पण ते उणे १० ते ८५ अंशांपुरतं. पुढे १२५ पर्यंत हमी आहे ती ±२ अंशांची, आणि १२५ ला तर त्याची हद्दच संपते. घट्ट गुळाची काहील उतरवतात ती साधारण ११४ ते ११८ अंशांना. त्याआधी थांबलात, १०५ च्या आसपास, तर काकवी. पुढे १२० च्या वर गेलात तर पावडरीचा गूळ. म्हणजे सगळा खेळ चार अंशांचा, आणि त्यात मोजणाराच दोन अंश इकडे-तिकडे! शिवाय स्वस्त प्रोबची केबल बहुतेक वेळा पीव्हीसीची असते. काहिलीखालच्या चुलवाणाच्या धगीत ती मऊ पडते. आणखी एक खोड: या चिपला मोजणी पूर्ण करता आली नाही, सप्लाय जरा हलला, तर ती बिनदिक्कत ८५ हा आकडा दाखवते. रस तापत असताना ८५ खरा की खोटा, हे ओळखायचं कसं?

मी वापरलाय थ्रीडी प्रिंटरच्या तापत्या टोकात असतो तो काचेच्या मण्याचा थर्मिस्टर, म्हणजे तापमान वाढलं की ज्याचा रोध कमी होतो असा घटक. २५ अंशांना १०० किलोओहम, बीटा (रोध तापमानाबरोबर किती झपाट्याने बदलतो त्याचा आकडा) ३९५०. तो २०० च्या वरही टिकतो. सोबत एका ओळीत जोडलेला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, आणि ही निवड मुद्दाम केलेली आहे. ११८ अंशांना या मण्याचा रोध सुमारे ४.३ किलोओहमवर येतो, म्हणजे जोडीदाराच्या जवळपास बरोबरीला, आणि अशा वेळी या दोघांच्या मधल्या जोडावरचा व्होल्टेज तापमानाबरोबर सगळ्यात जास्त हलतो. हा व्होल्टेज वाचणाऱ्या अर्डुइनो बोर्डाच्या १०२४ पायऱ्यांपैकी तिथे एका अंशाला साडेसहा पायऱ्या मिळतात. खोलीच्या तापमानाला जेमतेम दोन. म्हणून तुम्हाला तो नाचताना दिसला. रेझिस्टर १०० किलोओहमचा लावला तर खोलीत एकदम शहाण्यासारखा वागेल आणि काहिलीत एका अंशाला एकच पायरी देईल. मला खोलीचं तापमान मोजायचं नाहीये.

आता ९८. गुऱ्हाळ कोल्हापूरकडचं, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो, त्यामुळे इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच. याचा गुळाशीही थेट संबंध आहे. पाकातलं पाणी उडतं तसा तो अधिकाधिक वरच्या तापमानाला उकळतो. म्हणजे आपण तापमान वाचतो, पण मोजतो पाकातलं उरलेलं पाणी. म्हणून पुस्तकातला ११८ हा आकडा मी डोळे झाकून घेत नाही. त्या जागी पाणी जिथे उकळतं त्याच्या वर १६ ते १८ अंश, असं धरतो.

आकडे जुळवायला उकळत्या पाण्याखेरीज आणखी दोन बिंदू लागतात. शून्यासाठी बर्फ कुटून त्याचा चिखल करायचा, वर जेमतेम पाणी दिसेल एवढाच. पेल्यात चार खडे तरंगवून चालत नाही, कारण ४ अंशांचं पाणी सगळ्यात जड असतं आणि ते तळाला बसतं. तिसरा बिंदू १२० च्या आसपास, गरम तेलात. भांडं आचेवरून उतरवायचं, काचेचा थर्मामीटर आणि प्रोब शेजारी शेजारी धरून ढवळत राहायचं आणि निवताना दोन्ही वाचायचे. हा थर्मामीटर काहिलीजवळ मात्र फिरकू द्यायचा नाही. पाऱ्याचा असेल आणि फुटला तर अख्खं आदण, म्हणजे काहिलीतला सगळा रस, फेकावं लागेल.

नळीबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण खरी कसोटी तिथेच लागते. स्टीलची नळी, एक टोक झाळून बंद, मण्याभोवती थर्मल पेस्ट, तारांवर टेफ्लॉनचं वेष्टण. आत ओल शिरली तर रोध कमी होतो आणि सेन्सर आहे त्यापेक्षा जास्त तापमान दाखवायला लागतो, मग गूळ कच्चा उतरतो. म्हणून आधी मिठाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. नळी आणि तार यांच्यामध्ये मल्टिमीटरवर मोजता येण्याजोगा काहीही रोध दिसला तर ती टाकून द्या. प्रोबचं टोक काहिलीच्या बुडाला टेकू देऊ नका, तिथला पत्रा पाकापेक्षा बराच तापलेला असतो.

गुळव्याचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. थंड पाण्यात पाकाचा थेंब सोडून बोटांनी गोळी वळतो तेव्हा तो जे तपासतो, ते माझ्या मण्याला कळत नाही. खाऱ्या जमिनीतला ऊस, चुन्याचं प्रमाण, रस निवळायला घातलेल्या भेंडीने मळी किती निघाली, हे सगळं त्याच्या बोटांना कळतं. आमच्याकडे सेन्सर ११० ला बझर वाजवतो, की गुळव्या काहिलीशी येतो आणि चुलवाण पेटतं ठेवणारा जाळव्या चिपाडं टाकायचं थांबवतो. उतरवायचं कधी, ते गुळव्याच सांगतो.

तुमच्याकडचा डीएस१८बी२० दही लावायला, दूध तापवायला उत्तम आहे, तिथे मीही तोच वापरतो. आणि ±२ वर विश्वास बसत नसेल, तर तेलाच्या भांड्यात तो थर्मामीटरच्या शेजारी धरून ११५ ला बघा आणि आकडे इथेच टाका. नग चांगला निघाला तर पुष्कळदा बराच जवळ येतो. पण केबल आधी बदला.