दीड लिटर दूध, एक शब्द

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो. तारखेच्या चौकोनात '१॥' म्हणजे दीड लिटर, फुली म्हणजे दूधवाला आला नाही. गेल्या जानेवारीपासून त्याच चौकोनात मी रोज एक अवघड इंग्रजी शब्द लिहायला लागलो, उच्चार आणि अर्थासकट. वही केली की ती हरवते. मोबाइलमध्ये ॲप घेतलं तर ते रात्री दहाला 'आज तुमचा अभ्यास राहिला' म्हणून कान उपटतं. कॅलेंडरसमोर मात्र चहा उकळेपर्यंत उभं राहावंच लागतं.

पहिल्याच महिनाअखेरीला ही हिशेबाला बसली.

"अहो, नऊ तारखेला 'इन्डलंट, आळशी' लिहिलंय. आला नव्हता ना तो त्या दिवशी?"

"अगं, तो माझा शब्द आहे."

पण तोवर दीड लिटरचे पैसे कापले गेले होते. दूधवाला तावातावानं कॅलेंडर बघायला आत आला आणि त्यानं तो चौकोन स्वतःच वाचला. पैसे मिळाले, पण शब्द त्यानं मनाला लावून घेतला. पुढचे चार दिवस दुधावर साय धरली नाही.

पन्नाशी ओलांडल्यावर हे खूळ डोक्यात शिरायचं कारण ऑफिस. मीटिंगा आता इंग्रजीत होतात आणि माझी एबीसीडी पाचवीत सुरू झालेली. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २०००मध्ये, आम्ही तोवर शाळा संपवून नोकरीच्या अर्जात स्पेलिंगं चुकवत होतो. स्पेलिंग पाठ करायची आमची पद्धत ठरलेली. के-एन-आय-एफ-ई, क-नाइफ. वेड-नेस-डे. वेड लागायचा दिवस म्हणून बुधवार अजून लक्षात आहे. गुरुजी म्हणायचे, "लिहिताना क-नाइफ, बोलताना नाइफ." आम्ही पहिलं तेवढं घेतलं.

आता या वयात कळतंय की इंग्रज लोकही एकेकाळी त्यातला 'क' उच्चारायचे. १४७६मध्ये कॅक्स्टननं इंग्लंडात छापखाना काढला, हळूहळू स्पेलिंगं जिथल्या तिथे थिजली आणि जिभा पुढे निघून गेल्या. म्हणजे आमचा वर्ग चुकत नव्हता, तीन-चारशे वर्षं मागे होता इतकंच.

काही अक्षरं तर कधीच बोलली गेली नव्हती. 'डेट' म्हणजे कर्ज, यातला 'बी' पंडितांनी मागाहून घुसवला, शब्दाचं लॅटिन कूळ दिसावं म्हणून. 'रिसीट'मधला 'पी' त्याच जातीचा. लग्नपत्रिकेत खापरपणजोबांचं नाव छापतात ना, तसं. नाव पहिल्या ओळीत, पंगतीला मात्र येत नाहीत. 'कर्नल'नं तर कमाल केली. स्पेलिंग इटालियनांचं, 'र' फ्रेंचांचा आणि त्रास माझा.

उच्चारापेक्षा आघात छळतो. आपण मराठी माणसं सगळ्या अक्षरांना सारखं वाढतो, पंक्तिप्रपंच नाही. इंग्रजीत एकाच अक्षराला तूप, बाकीचे कोरडे. बरं, ते अक्षर तरी कायम असावं? फोटोग्राफमध्ये जोर 'फो'वर, फटॉग्रफरमध्ये तो 'टॉ'वर, फोटोग्रॅफिकमध्ये 'ग्रॅ'वर. आमच्याकडच्या भारनियमनासारखं, आज या पेठेत तर उद्या त्या. मी तिन्ही शब्द आरशासमोर म्हणत होतो तेव्हा मुलगी बाहेरून म्हणाली, "बाबा, उचकी लागलीय का? पाणी आणू?"

एवढं करून शब्द खर्चायचे कुठे, हा खरा प्रश्न. भाजीवालीशी बोलताना लागत नाहीत, सोसायटीच्या सभेत तर शिव्याही मराठीत पुरतात. माझे शब्द दोन हजारांच्या नोटेसारखे झाले. खिशात ऐट, पण सुट्टे कोणी देईना. शेवटी संधी आली ती आमच्या साहेबांच्या निरोप समारंभात.

भाषण मी मराठीत केलं, शेवटच्या वाक्यासाठी मात्र बावीस तारखेचा शब्द राखून ठेवला होता. 'एनर्व्हेट'. अर्थ लिहायच्या वेळीच दूध उतू गेलं होतं, त्यामुळे चौकोनात नुसता उच्चार होता. पण एनर्जीच्या घरातलाच दिसत होता, चेहरापट्टी तीच. मी आवाज चढवून म्हणालो, "सर, गेली बारा वर्षं तुम्ही आम्हाला रोज एनर्व्हेट केलंत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांचे डोळे पाणावले. उत्तराच्या भाषणात ते म्हणाले, "निवृत्तीनंतरही मी अधूनमधून येऊन तुम्हाला असाच एनर्व्हेट करत राहीन." पुन्हा टाळ्या. फक्त अकाउंट्समधली नवी मुलगी मोबाइलमध्ये बघून रुमालात तोंड घालून बसली होती.

घरी येऊन कोश उघडला. एनर्व्हेट म्हणजे गळपटवून टाकणं, अंगातलं त्राण काढून घेणं. मूळ लॅटिनमध्ये तर स्नायू कापून काढणं. दोन मिनिटं घाम फुटला. मग बारा वर्षं आठवली आणि वाटलं, इतका नेमका शब्द मला मुद्दाम शोधूनही सापडला नसता. आता बडीशेप देतानाही सहकारी म्हणतात, "घ्या, एनर्व्हेट व्हा."

तरी मी लिहायचं सोडलेलं नाही. मोल्सवर्थ साहेबानं मराठी शब्द गोळा करून १८३१मध्ये कोश छापला, त्याच्या हाताशी शास्त्रीपंडित होते. माझ्या हाताशी गाळणं आहे. परवा तीस तारखेसाठी शब्द शोधताना 'मॉंगूस' सापडला. कोशात त्याचं मूळ चक्क मराठी दिलंय. गूसचं अनेकवचन गीस, पण मॉंगूसचं मॉंगूसेस, कारण हंसाच्या घराण्याशी त्याचं काही नातं नाही, तो आपला मुंगूस. एवढा घरचा शब्द, तरी सवयीनं नीट लिहिला, 'मॉंगूस, मुंगूस', शेजारी '१॥'.

संध्याकाळी ही हिशेबाला बसली. तीस तारखेवर तिचं बोट थांबलं. मी समजावायला तोंड उघडणार, तोच तिचा चेहरा उजळला.

"अगंबाई, कुठे दिसलं? आणि मला हाक का नाही मारलीत?"